भरलेला पब बंद का पडतो?

शुक्रवारी संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास इंग्लंडमधल्या कुठल्याही मध्यम आकाराच्या गावात पबचे दार ढकलून आत गेले, तर तेथे रांग दिसत नाही. पण ती असते. इंग्रज माणूस बसथांब्यावर, टपाल कचेरीत आणि दवाखान्यात एकामागे एक निमूट उभा राहतो. पबच्या काउंटरपाशी मात्र सगळे लाकडावर कोपर टेकून शेजारी शेजारी उभे असतात, आणि कोण आधी आले, कोण नंतर, याचा हिशोब प्रत्येकाच्या डोक्यात बिनचूक चालू असतो. काउंटरमागची मुलगी चुकून आधी तुमच्याकडे वळलीच, तर शेजाऱ्याकडे हात करून "आधी यांचे घ्या" असे म्हणायचे असते. टेबलावर बसून वेटरची वाट पाहणारा माणूस परका आहे हे सगळ्यांना कळते, पण त्याला ते कुणी सांगत नाही. माझ्या पहिल्या खेपेस मी तसा वीसेक मिनिटे बसलो होतो.

अशाच एका गजबजलेल्या पबातून बाहेर पडताना पुष्कळदा भिंतीवर एक मोठी पाटी दिसते: हा पब भाडेपट्ट्याने देणे आहे, इच्छुकांनी संपर्क साधावा. आत उभे राहायला जागा नाही आणि बाहेर भाडेकरू हवा असल्याची पाटी, हे कोडे नवख्या माणसाला सुटत नाही. ब्रिटनमध्ये २००० साली सुमारे ६०,००० पब होते. आज ते ४५,००० च्या आसपास उरले आहेत. याची कारणे विचारली की ठरावीक उत्तरे मिळतात: तरुण पिढी कमी पिते, सुपरमार्केटात बिअर स्वस्त मिळते, धूम्रपानबंदीने घात केला. यातले एकही उत्तर खोटे नाही. धूम्रपानबंदी स्कॉटलंडमध्ये मार्च २००६ मध्ये आणि इंग्लंडमध्ये १ जुलै २००७ रोजी आली, आणि त्यानंतर अनेक पबांचे जुने गिऱ्हाईक तुटले हे खरे आहे. परंतु या उत्तरांनी ओस पडलेल्या पबाचे कारण कळते, भरलेल्या पबाचे नाही. भरलेला पब बंद पडतो त्याचे कारण काउंटरच्या मागे, तळघरात आणि भाडेकराराच्या कागदात असते.

सुरुवात शब्दापासून करावी लागेल. पब चालवणाऱ्या माणसाला इंग्रजीत लँडलॉर्ड म्हणतात, आणि बाई असेल तर लँडलेडी. शब्दाचा अर्थ घरमालक असा असला, तरी पुष्कळ लँडलॉर्ड स्वतःच भाडेकरू असतात. वरच्या मजल्यावर कुटुंब राहते, खाली धंदा चालतो, आणि इमारत भलत्याच कुणाची तरी असते. शिवाय ब्रिटनमधल्या हजारो पबांना एक बंधन लागू असते, ज्याला तेथील लोक नुसते "टाय" म्हणतात. समजा, सांगलीत तुम्ही एक किराणा दुकान भाड्याने घेतले आणि जागामालकाने करारात अशी अट घातली की दुकानात विकायचा गहू, साखर आणि तेल माझ्याच गोदामातून घ्यायचे, मी लावीन त्या भावाने घ्यायचे, आणि समोरच्या अडत्याकडे तोच माल पोत्यामागे दोनशे रुपयांनी स्वस्त असला तरी तिकडे वळायचे नाही. वर जागेचे भाडे वेगळे. हाच टाय. जागेच्या भाड्याला पबवाल्यांच्या भाषेत कोरडे भाडे म्हणतात आणि बिअरच्या वाढीव भावातून जे वसूल होते त्याला ओले भाडे म्हणतात, हा शब्दप्रयोग मला फार अचूक वाटतो.

ही पद्धत काही कुणा दुष्टाने एका रात्रीत काढलेली नाही. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पबचे परवाने स्थानिक न्यायदंडाधिकारी देत आणि ते मोजकेच असत. ज्याच्याकडे परवान्याची इमारत, त्याच्याचकडे बिअर विकायची सोय. म्हणून शतकाच्या अखेरीस बिअर गाळणाऱ्या कंपन्यांनी भागभांडवल उभारून पबांच्या इमारती विकत घेण्याचा सपाटा लावला. त्या काळी या व्यवहारात भाडेकरूचाही थोडा फायदा होता: भाडे कमी असे, डागडुजी कंपनी करी, आणि कमी भांडवलात संसारासकट धंदा थाटता येई. आजही लहान, जुन्या, एका प्रांतापुरत्या कंपन्यांचे काही भाडेकरू या व्यवस्थेबद्दल समाधानी असतात, हे प्रामाणिकपणे नोंदवले पाहिजे.

गाडी घसरली ती १९८९ नंतर. मक्तेदारीची चौकशी करणाऱ्या सरकारी आयोगाने त्या वर्षी असा निष्कर्ष काढला की सहा मोठ्या कंपन्यांच्या हाती बिअरचे उत्पादन, घाऊक विक्री आणि पब असे तिन्ही टप्पे एकवटल्यामुळे स्पर्धा मरते आहे. त्यावरून सरकारने आदेश काढला की दोन हजारांहून अधिक पब असलेल्या कंपनीने त्या दोन हजारांच्या वर जितके पब असतील त्यांतले निम्मे १९९२ पर्यंत विकावेत किंवा बंधनातून मोकळे करावेत. हेतू चांगला होता. अपेक्षा अशी होती की हजारो पब स्वतंत्र होतील आणि लँडलॉर्ड खऱ्या अर्थाने मालक बनतील. प्रत्यक्षात पबवाला आगीतून फुफाट्यात पडला. आदेशात बंधन फक्त बिअर गाळणाऱ्यांवर होते. जी कंपनी बिअरचा एक थेंबही गाळत नाही, तिने किती पब बाळगावेत यावर काहीच मर्यादा नव्हती. मग अशा कंपन्या निघाल्या. त्यांनी विक्रीला निघालेले पब घाऊक भावात उचलले, बिअर कंपन्यांकडून मोठ्या सवलतीत माल घेतला, आणि तोच माल चढ्या भावाने आपल्या बांधलेल्या भाडेकरूंच्या गळ्यात मारला. या कंपन्यांना लोक "पबको" म्हणतात. २००० नंतरच्या दशकाच्या मध्यापर्यंत एंटरप्राइझ आणि पंच या दोनच कंपन्यांकडे प्रत्येकी आठ हजारांहून अधिक पब जमा झाले होते. १९८९ चा मूळ आदेश २००३ मध्ये रद्दही करण्यात आला, कारण ज्यांना आवरण्यासाठी तो काढला ते बिअरवाले एव्हाना पबांच्या धंद्यातून जवळजवळ बाहेर पडले होते.

हे पब विकत घ्यायला पैसा आला कोठून, हा यातला सर्वांत महत्त्वाचा भाग आहे. तो कर्जाचा होता. हजारो पबांकडून पुढची वीस-पंचवीस वर्षे येणारे भाडे एकत्र बांधून त्याच्या तारणावर रोखे विकायचे आणि आलेल्या पैशातून आणखी पब घ्यायचे, असा तो व्यवहार होता. भाडे दरवर्षी वाढत राहील आणि जमिनीचे भाव कधी उतरणार नाहीत, या दोन गृहीतकांवर सगळा डोलारा उभा होता. २००८ च्या आर्थिक संकटात दोन्ही गृहीतके कोसळली. गिऱ्हाईक घटले तरी रोख्यांवरचे व्याज थांबत नव्हते, म्हणून भाडे उतरवणे कंपन्यांना परवडत नव्हते. आणि रोकड उभी करायला सगळ्यात सोपा मार्ग म्हणजे पबची इमारत विकून टाकणे. गावातल्या कोपऱ्यावरचा पब चालतो की नाही, हा प्रश्न मग फक्त त्या पबापुरता राहिला नाही. लंडनमधल्या कुठल्या तरी कचेरीतल्या ताळेबंदात त्याचे उत्तर ठरू लागले. पुढे २०१७ मध्ये पंचचे पब हायनेकेन आणि एका गुंतवणूक कंपनीत वाटले गेले, आणि २०२० मध्ये एंटरप्राइझ, तेव्हा नाव बदलून ईआय झालेली, स्टोनगेट नावाच्या कंपनीने गिळली.

टायची अंमलबजावणी कशी होते, हे पाहायचे तर तळघरात उतरावे लागते. पबचे तळघर थंड आणि ओलसर असते. पिंपातच मुरणारी पारंपरिक एल बिअर ११ ते १३ अंश तापमानात ठेवावी लागते, कारण तिच्यात यीस्ट जिवंत असते आणि ती पबात आल्यावरही मुरतच राहते. तेथून नळ्या वर काउंटरपर्यंत जातात. पबकोच्या अनेक पबांत या नळ्यांवर बाहेरून एक डबी बसवलेली असते, जी नळीतून किती द्रव गेला ते मोजून थेट कंपनीला कळवते. कंपनीने पाठवलेल्या बिअरपेक्षा जास्त द्रव नळीतून गेल्याचे दिसले, तर भाडेकरूने बाहेरून माल आणला असा अर्थ लावून दंड होऊ शकतो. या नळ्या साधारण आठवड्यातून एकदा पाणी आणि औषध घालून धुवाव्या लागतात, आणि मापक त्या धुण्याचे पाणी व बिअर यांत नीट फरक करतो की नाही, यावरून वर्षानुवर्षे वाद झाले आहेत. स्वतःच्या घराच्या तळघरात मालकाने लावलेला मीटर रोज पाहत धंदा करायचा, ही कल्पना मला तरी फार बोचते.

आता पाच पौंडांची एक पिंट घेऊ. पिंट म्हणजे ५६८ मिलिलिटर. पाच पौंडांतले ८३ पेन्स मूल्यवर्धित कराचे, कारण त्याचा दर २० टक्के आहे आणि तो किमतीतच धरलेला असतो. उत्पादन शुल्क ऑगस्ट २०२३ पासून मद्यार्काच्या प्रमाणानुसार लावले जाते. नळातून विकल्या जाणाऱ्या बिअरला त्यात सवलत आहे, आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये ती वाढवताना पिंटमागे एक पेनी कमी केल्याची जाहिरातही झाली. तरीही चार टक्के मद्यार्काच्या पिंटमागे हे शुल्क ४० पेन्सच्या थोडे वरच जाते. ते बिअर गाळणारा भरतो आणि घाऊक भावात मिळवतो. म्हणजे पाचातला सव्वा पौंड सरकारचा झाला. उरलेल्या पावणेचारात बिअर, भाडे, पगार, वीज, विमा, ग्लास धुणे आणि फुटणे, सगळे बसवायचे. पन्नास लिटरच्या पिंपातून ८८ पिंट निघतात. बांधलेल्या भाडेकरूला तेच पिंप खुल्या बाजारापेक्षा ५० पौंडांनी महाग पडते असे उदाहरणादाखल धरले, तर पिंटमागे ५७ पेन्स नुसत्या टायपोटी जातात, आणि पुष्कळ पबांत पिंटमागे सुटणारा निव्वळ नफा याहून कमीच असतो.

सुपरमार्केटशी तुलना करताना लोक फक्त बिअरच्या डब्याची किंमत पाहतात. खरी विषमता जेवणात आहे. सुपरमार्केटात घेतलेल्या बहुतेक खाद्यपदार्थांवर मूल्यवर्धित कर शून्य आहे, आणि पबात गरम ताटावर तो २० टक्के आहे. बिअरच्या विक्रीवर पोट भरत नाही म्हणून गेल्या तीस वर्षांत बहुतेक पबांनी स्वयंपाकघरे थाटली, रविवारच्या भाजलेल्या मांसाच्या जेवणाला महत्त्व आले, आणि नेमक्या त्याच ताटावर कराचा पूर्ण बोजा पडतो. सुपरमार्केट अन्नावर मिळवलेल्या नफ्यातून बिअर पडत्या भावाने विकू शकते. पबाला ती सोय नाही.

याखेरीज एक स्थानिक मालमत्ता कर असतो, ज्याला तेथे बिझनेस रेट्स म्हणतात. दुकानाच्या बाबतीत तो जागेच्या क्षेत्रफळावरून आणि भाड्यावरून ठरतो. पबच्या बाबतीत मात्र त्या जागेत एखादा सर्वसाधारण कुवतीचा पबवाला किती उलाढाल करू शकेल, याचा अंदाज बांधून तो लावला जातो. म्हणजे धंदा जितका चांगला चालेल तितकी इमारत करासाठी महाग ठरत जाते. कोविडच्या काळात, २० मार्च २०२० रोजी पब बंद करण्याचे फर्मान निघाल्यानंतर, इंग्लंडमध्ये या करात मोठी सवलत दिली गेली. पुढे ती ७५ टक्क्यांवर आली आणि एप्रिल २०२५ मध्ये ४० टक्क्यांवर. एप्रिल २०२६ पासून सवलत संपवून नवे, कमी दर आणि मालमत्तांचे नवे मूल्यांकन एकाच वेळी लागू करायचे ठरले, तेव्हा दर उतरले तरी मूल्यांकन इतके चढल्याचे दिसले की पबवाल्यांनी गदारोळ केला, आणि अखेर जानेवारी २०२६ मध्ये सरकारला पबांसाठी १५ टक्के सूट वेगळी जाहीर करावी लागली.

पगाराचा हिशोबही एप्रिल २०२५ मध्ये बदलला. नोकराच्या सामाजिक विम्यापोटी मालकाने भरायचा हप्ता १३.८ वरून १५ टक्के झाला, हे वर्तमानपत्रांत ठळक छापून आले. पबांना झोंबली ती त्याच निर्णयातली दुसरी, कमी गाजलेली तरतूद: ज्या पगाराच्या वर हा हप्ता सुरू होतो ती मर्यादा वर्षाला ९,१०० पौंडांवरून ५,००० वर आणली गेली. पबात काम करतात ते विद्यार्थी, लहान मुलांच्या आया, निवृत्त माणसे. आठवड्यातून दोन-तीन संध्याकाळी. वर्षाला नऊ हजार पौंड कमावणाऱ्या अशा माणसामागे पूर्वी मालकाला काहीच भरावे लागत नसे, आता ६०० पौंड भरावे लागतात. लहान धंद्यांना वर्षाला १०,५०० पौंडांपर्यंतची एकत्रित माफी आहे, त्यामुळे दोन-तीन माणसांच्या पबाला याची झळ बसत नाही; वीस-पंचवीस अर्धवेळ माणसे ठेवणाऱ्या, स्वयंपाकघर असलेल्या मोठ्या पबाला ती चांगलीच बसते. गजबजलेले पब हेच असतात.

टायच्या जाचावर उपाय म्हणून जुलै २०१६ पासून इंग्लंड आणि वेल्समध्ये एक वैधानिक संहिता लागू आहे. पाचशे किंवा त्याहून अधिक बांधलेले पब असलेल्या कंपन्यांना ती लागू होते, आणि ठरावीक प्रसंगी, म्हणजे कराराचे नूतनीकरण, भाड्याचा फेरविचार किंवा बिअरच्या भावात मोठी वाढ झाल्यास, भाडेकरू म्हणू शकतो की मी बाजारभावाने नुसते भाडे देतो, बिअर मी हवी तेथून घेईन. कागदावर हा हक्क उत्तम आहे. पण तो बजावायचा म्हणजे मुदती सांभाळायच्या, हिशोबनीस आणि वकील लावायचे, लवादाकडे जायचे. आणि हे सगळे त्या माणसाने करायचे जो सकाळी पिंपे उतरवून घेतो आणि मध्यरात्री खुर्च्या टेबलांवर उलट्या ठेवतो. स्कॉटलंडने आपला वेगळा कायदा २०२१ मध्ये केला.

एवढे झाल्यावरही पब तगला, तर त्याच्या पायाखालची जमीन उरतेच. पब हे जुन्या वस्तीत, कोपऱ्यावर, ऐसपैस जागेत, पुष्कळदा मागे बाग आणि गाड्यांसाठी मोकळे अंगण घेऊन उभे असतात. फ्लॅट बांधणाऱ्याच्या नजरेत या जागेची किंमत पबच्या धंद्याच्या किमतीच्या कितीतरी पट असते. इंग्लंडमध्ये २०१७ पर्यंत बहुतेक पबांचे दुकानात रूपांतर करायला किंवा ते पाडायला पूर्ण नियोजन परवानगीचीही गरज नव्हती, त्यामुळे कित्येक पबांची रातोरात छोटी सुपरमार्केटे झाली. आता ती पळवाट बंद आहे. पळवाट असतानाही कायदा दात दाखवू शकतो, हे लंडनच्या मेडा व्हेल भागातल्या कार्ल्टन टॅव्हर्नने दाखवले. १९२० च्या सुमारास बांधलेला हा पब वारसा इमारत म्हणून जाहीर होण्याच्या बेतात असताना एप्रिल २०१५ मध्ये परवानगीशिवाय पाडण्यात आला. वेस्टमिन्स्टरच्या नगरपालिकेने मालकाला तो होता तसा, विटेला वीट लावून पुन्हा बांधण्याचा आदेश दिला; अपिलातही आदेश टिकला, आणि एप्रिल २०२१ मध्ये पब खरोखर पुन्हा उघडला. पाडण्याआधी वारसा खात्याने इमारतीची बारकाईने नोंद करून ठेवली होती, म्हणून हे शक्य झाले. स्टॅफर्डशरमधल्या हिमली गावच्या क्रुकेड हाउसचे नशीब इतके बरे नव्हते. खाणींमुळे जमीन खचून एका बाजूला कललेला हा पब असा होता की काउंटरवर ठेवलेले नाणे चढावर गडगडत जाताना दिसे, आणि ते पाहायला दुरून माणसे येत. ५ ऑगस्ट २०२३ च्या रात्री तो जळाला आणि दोनच दिवसांत बुलडोझरने भुईसपाट झाला. तो पुन्हा बांधण्याचा आदेश फेब्रुवारी २०२४ मध्ये निघाला.

इतके दिवस या पबांच्या दुःखाची गोष्ट सांगणाऱ्यांना मी एक प्रश्न विचारत आलो आहे: पब सगळ्यांचा होता, असे आपण म्हणतो, तर ते सगळे म्हणजे कोण? बर्मिंगहॅमला लागून असलेल्या स्मेदिक गावात १९६० च्या दशकात लोखंडाच्या भट्ट्यांवर काम करणारे पंजाबी मजूर पाळी संपवून पबात गेले, तर त्यांना बैठकीच्या चांगल्या दालनात बिअर मिळत नसे, आणि काही पबांत मुळीच मिळत नसे. भट्टीतली धग अंगावर घेऊन बाहेर पडलेल्या माणसाला शेजारच्या भट्टीवरचा गोरा सोबती जेथे पितो तेथे प्यायला बंदी. इंडियन वर्कर्स असोसिएशनचे अवतारसिंग जौहल यांनी यावर साधा उपाय योजला: गोऱ्या विद्यार्थ्यांना बरोबर घेऊन पबामागून पब पालथे घालायचे, आधी गोऱ्याने मागायचे, मग भारतीयाने, आणि कुणाला मिळते नि कुणाला नाही याचा पुरावा गोळा करायचा. त्यांच्याच संघटनेच्या बोलावण्यावरून १२ फेब्रुवारी १९६५ रोजी अमेरिकेतले कृष्णवर्णीय नेते मॅल्कम एक्स स्मेदिकला आले आणि वर्णभेद पाळणाऱ्या एका पबातही गेले. नऊ दिवसांनी न्यूयॉर्कमध्ये त्यांची हत्या झाली. त्याच वर्षी डिसेंबरात लागू झालेल्या पहिल्या वंशसंबंध कायद्याने पबांतला हा भेदभाव बेकायदा ठरवला.

पुढच्या काळात भट्ट्या आणि कारखाने बंद पडले, त्या भागातल्या इंग्रज लँडलॉर्डांनी हात टेकले, आणि त्यांचे भाडेपट्टे घेतले ते याच पंजाबी मजुरांनी आणि त्यांच्या मुलांनी. आज स्मेदिक, वेस्ट ब्रॉमिच, हँड्सवर्थ या पट्ट्यात अशा पबांना "देसी पब" म्हणतात. बाहेर तीच जुनी लाल सिंहाची किंवा राजमुकुटाची पाटी, आत डार्ट्सचा फळा आणि फुटबॉलचा सामना, आणि काउंटरच्या मागून तापलेल्या लोखंडी तव्यावर चरचरत येणारे मिक्स्ड ग्रिल: कोंबडीचे पंख, शीग कबाब, मासळीचे तुकडे, खाली कांद्याचा थर, वर लिंबू. तवा दालनातून फिरतो तेव्हा धुराच्या रेषेमागोमाग सगळ्यांच्या माना वळतात, आणि पुढच्या पाच मिनिटांत त्याच पदार्थाच्या चार मागण्या जातात. म्हातारे इंग्रज आणि म्हातारे सरदारजी एकाच टेबलावर बसून एकाच फुटबॉल संघाला शिव्या घालतात. मिडलँड्समधल्या मराठी मंडळींची शनिवारची बैठकही बऱ्याचदा येथेच जमते. ज्यांना दारातून परत पाठवले त्यांनीच ते दार उघडे ठेवले, याची नोंद पबाच्या ऱ्हासावर लिहिणारे फार थोडे लोक घेतात.

आपल्याकडच्या वाचकाला पब म्हटले की अंधारा परमिट रूम नाहीतर पुण्यातल्या कोरेगाव पार्कचा झगमगाट आठवतो, आणि म्हणून पब गेला तर गेले काय, असे वाटणे साहजिक आहे. महाराष्ट्रात दारू पिण्यासाठी अजूनही कागदोपत्री परवाना लागतो. ब्रिटिश पबात मात्र लिंबूसोडा घेऊन तीन तास बसलेल्या माणसाला कुणी हटकत नाही. कुत्र्यासाठी दाराशी पाण्याचे भांडे असते. मंगळवारी किंवा बुधवारी प्रश्नमंजूषा असते, जिच्यात निवृत्त शिक्षक आणि गवंडी एकाच संघात बसून नद्यांच्या लांबीवरून हमरीतुमरीवर येतात. चौघे मित्र आले तर बिल वाटून घेत नाहीत. प्रत्येक जण आळीपाळीने चौघांसाठी पेये आणतो, आणि आपली पाळी आली की ज्याला नेमके घरचे काम आठवते त्याची कीर्ती गावभर होते. खेड्यांत तर टपाल कचेरी, वाण्याचे दुकान आणि वाचनालय एकेक करून उठून गेल्यावर पबाच्याच एका कोपऱ्यात ही कामे होऊ लागली. त्यासाठी मदत करणारी "पब इज द हब" ही संस्था २००१ पासून काम करते आहे. एकाकीपणाचा प्रश्न हाताळण्यासाठी ज्या देशाने २०१८ मध्ये खास मंत्री नेमला, त्या देशात एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्याला निमंत्रणाशिवाय जाऊन बसता येईल अशी पबाखेरीज किती ठिकाणे उरली आहेत, हा प्रश्न तेथील लोकांनाही पडलेला आहे.

काही गावांनी मालकीचा प्रश्न मुळातूनच सोडवला आहे. कंब्रिया परगण्यातल्या हेस्केट न्यूमार्केट या लहानशा गावाने २००३ मध्ये आपला ओल्ड क्राउन पब सहकारी तत्त्वावर विकत घेतला. सहकारी साखर कारखाने आणि दूध संघ पाहिलेल्या मराठी माणसाला ही व्यवस्था समजावून सांगावी लागत नाही: भाग कितीही घ्या, मत एकच. लंडनच्या नन्हेड भागातला आयव्ही हाउस हा पब २०१२ मध्ये बंद करून विकायला काढला गेला, तेव्हा तेथील रहिवाशांनी २०११ च्या स्थानिक स्वराज्यविषयक कायद्यातल्या नव्या कलमाचा आधार घेऊन त्याची सामुदायिक महत्त्वाची मालमत्ता म्हणून नोंद करवून घेतली. अशी नोंद असली आणि स्थानिक संस्थेने खरेदीची इच्छा कळवली, की मालकाला विक्रीआधी सहा महिने थांबावे लागते. त्या मुदतीत त्यांनी कर्ज, अनुदान आणि शेजाऱ्यांनी घेतलेले भाग मिळून रक्कम उभी केली, आणि २०१३ मध्ये पब त्यांचा झाला.

मात्र या कलमात एक मोठी उणीव आहे. सहा महिने थांबल्यानंतर मालकाने पब गावालाच विकला पाहिजे असे त्यात कोठेही म्हटलेले नाही. तो सातव्या महिन्यात जास्त भाव देणाऱ्या बांधकामवाल्याला विकायला मोकळा असतो. जुलै २०२५ मध्ये संसदेत मांडल्या गेलेल्या स्थानिक सत्तेच्या विकेंद्रीकरणाच्या विधेयकात ही मुदत बारा महिन्यांची करण्याची आणि तेवढ्या काळात खरेदीचा पहिला हक्क गावाला देण्याची तरतूद आहे. धंद्याच्या जागांचे भाडे फेरविचारात फक्त वरच जाईल, खाली कधीच येणार नाही, अशी जी अट तेथील भाडेपट्ट्यांत सर्रास असते, तिच्यावर नव्या करारांत बंदी घालण्याचाही त्यात प्रस्ताव आहे. शुक्रवारी संध्याकाळी भरलेल्या ज्या पबाच्या बाहेर पाटी लागलेली असते, तेथे आतल्या माणसाला पुढच्या भाडेवाढीच्या पत्राची धास्ती असते, आणि ते पत्र आल्यावर गल्ल्यात किती जमले हे विचारायला कुणी येत नाही.